'मिठाई'च्या पाटीतले सांधे

एकाच दुकानावर दोन नावं शेजारी शेजारी उजळलेली असतात. एक देवनागरीत 'मिठाई', दुसरं रोमन लिपीत 'स्वीट्स'. दोन्ही एकाच कारखान्यात बनलेली, उंचीला सारखी, आतले दिवेही तेच. यातल्या कुठल्या नावाला जास्त मेहनत पडली असं अक्षरं बनवणाऱ्या कारागिराला विचारलं, तर तो लगेच मराठी नावाकडे बोट दाखवेल. रोमन 'स्वीट्स'मध्ये एस, डब्ल्यू, ई, ई, टी आणि पुन्हा एस आहेत. या सहा अक्षरांत चारी बाजूंनी बंद अशी एकही पोकळी नाही. आता 'मिठाई' बघा. 'म'चे दोन्ही दंड वर शिरोरेषेला भिडतात, खाली आडवी रेघ त्यांना जोडते, आणि मधे एक चौक बंद होतो. 'ठ' पोटात पोकळी घेऊनच येतो. वेलांटीची कमान शिरोरेषेवरून उठते आणि पलीकडे पुन्हा शिरोरेषेवर टेकते, तिच्याखाली तिसरी पोकळी. 'म'ची गाठ पोकळ ठेवायची ठरवली तर चौथी. अशा प्रत्येक पोकळीला धातूची स्वतंत्र आतली भिंत लागते, आणि ती भिंत अक्षराच्या पाठीला जोडायची तर जिथे बोटं नीट शिरत नाहीत अशा जागी सांधा घालावा लागतो.

मला या सांध्यांबद्दल आणि ते घालणाऱ्या हत्यारांबद्दल लिहायचं आहे. उजळत्या पाटीची चर्चा होते ती रंगाची, अक्षराच्या वळणाची, फार तर प्रकाशाची. यातला दिवा बाजारात सगळ्यांना सारखाच मिळतो. वळण संगणकातून येतं आणि अ‍ॅक्रिलिक कापायचं काम लेसर करतो. कारागिराचा हात जिथे उरतो ती जागा म्हणजे सांधा. चांगलं अक्षर आणि बरं अक्षर यांतला फरक मला तिथेच सापडत आलेला आहे.

आधी अक्षराची पेटी समजून घेऊ. उजळतं अक्षर म्हणजे अक्षराच्याच आकाराचा एक उथळ डबा. मागे सपाट पाठ असते, बहुतेक वेळा ३ मिलिमीटर जाडीच्या एसीपीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर. कडेने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी फिरते. तिची जाडी मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडी कमी, आणि रुंदी ३ ते ५ इंच. ही रुंदी म्हणजेच अक्षराची खोली. समोर दुधी किंवा रंगीत अ‍ॅक्रिलिक, आणि अ‍ॅक्रिलिकच्या कडेवर चढवलेली प्लास्टिकची ट्रिमकॅप. आत पाठीवर १२ व्होल्टवर चालणारी एलईडी मॉड्यूल एका माळेत चिकटवलेली. पट्टी आणि पाठ, अ‍ॅक्रिलिक आणि ट्रिमकॅप, ट्रिमकॅप आणि पट्टी, शेवटी पाठ आणि इमारतीची भिंत, असे चार सांधे झाले. चारही ठिकाणी हत्यार वेगळं, आणि प्रत्येक हत्याराचा स्वभाव वेगळा.

पहिला सांधा सगळ्यांत कठीण. धातूला धातू जोडायचा तर वेल्डिंग का नाही, असं कुणालाही वाटेल. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या पृष्ठभागावर कायम असणारा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० अंशांहून अधिक तापमान लागतं. तो पापुद्रा फुटेपर्यंत खालचा पातळ धातू ओघळून गेलेला असतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम उष्णता भराभर पसरवतं, म्हणजे जिथे हवी तिथे ती थांबत नाही. मिलिमीटरभर जाडीच्या, आधीच रंग दिलेल्या पट्टीवर हा उद्योग केला की रंग जळतो आणि पट्टी वाकडी होते. पाठ एसीपीची असेल तर मधलं प्लास्टिकही वितळून जातं. निष्णात माणूस अर्गॉनच्या झोतात हे वेल्डिंग देखणं करतो, आणि मोठ्या, जाड पत्र्याच्या अक्षरांना तेच शोभतं. बाजारपेठेतल्या नेहमीच्या पाटीला मात्र थंड सांधा हवा. इथे रिव्हेट गन येते.

पॉप रिव्हेटचा इतिहास अक्षरांच्या नव्हे, विमानांच्या घरातला आहे. हॅमिल्टन वायली यांनी १९१६ मध्ये नळीसारख्या रिव्हेटच्या सुधारणेचं पेटंट मागितलं. पुढे ते आर्मस्ट्राँग-व्हिटवर्थ या ब्रिटिश विमान कंपनीत धातूच्या बांधणीचे सल्लागार झाले, आणि १९२७ च्या पेटंटमध्ये त्यांनी रिव्हेटमधून आरपार ओढली जाणारी कांडी आणली. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज टकर आयलेट कंपनीने त्यावरून रिव्हेट बनवले, आणि ते सिस्किन नावाच्या लढाऊ विमानाच्या बांधणीत वापरले गेले. अडचण अशी होती की विमानाच्या पंखाच्या आत हात घालता येत नाही. जुन्या रिव्हेटला दोन माणसं लागत, एक बाहेरून हातोडा मारणारा आणि दुसरा आतून लोखंड टेकवून धरणारा. पंखाच्या पोकळीत दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. म्हणून एकाच बाजूने बसणारा रिव्हेट शोधावा लागला. 'म'च्या पोटातली अडचण हुबेहूब तीच आहे. १०० मिलिमीटर खोल आणि जेमतेम ५० मिलिमीटर रुंद घळीच्या तळाशी दुसरा हात पोचत नाही.

हा रिव्हेट हातात घेऊन बघावा. बाहेरून तो एका खिळ्यात ओवलेली अ‍ॅल्युमिनियमची लहानशी नळी वाटतो. नळीला एका टोकाला पसरट टोपी असते. कांडी बहुधा पोलादाची, तिच्या आतल्या टोकाला फुगीर डोकं, आणि त्या डोक्याजवळ मुद्दाम अशक्त ठेवलेली एक खाच. सगळी कल्पकता या खाचेत साठवलेली आहे. दोन्ही पत्र्यांतून आरपार पाडलेल्या भोकात नळी घालायची, टोपी पत्र्यावर टेकवायची आणि गनच्या तोंडात कांडी धरायची. मूठ दाबली की गनमधले जबडे कांडीला मागे ओढतात. कांडीचं फुगीर डोकं नळीच्या पलीकडच्या टोकात घुसतं आणि ते टोक पसरून आतल्या पत्र्याला कवटाळतं. दोन्ही पत्रे एकमेकांवर घट्ट आवळले जातात. ओढ ठरलेल्या मर्यादेला पोचली की खाच तुटते, 'टक्' असा आवाज होतो, आणि कांडीचा दांडा गनमध्ये मोकळा येतो. किती जोर पुरे, हे कारागिराला ठरवावं लागत नाही. ते रिव्हेट बनवणाऱ्यानेच खाचेच्या जाडीत ठरवून ठेवलेलं असतं. मला या वस्तूत सगळ्यांत जास्त भावतं ते हे. तुटणं हाच तिच्या रचनेचा शेवटचा, नेमून दिलेला टप्पा आहे.

गन स्वतः अगदी साधी असते. दोन दांडे, निमुळत्या कोषात सरकणारे दातेरी जबडे, त्यांना पुढे ढकलणारी स्प्रिंग आणि तोंडाशी बदलता येणारी टोपणं. हाताच्या गनला सहसा चार टोपणं मिळतात, २.४, ३.२, ४.० आणि ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी, आणि न लागणारी तीन दांड्यातच आटे देऊन बसवलेली असतात. हत्याराने आपले सुटे भाग स्वतःजवळ बाळगावेत ही रचना फार सुंदर आहे. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला खिशात हात घालायची वेळ येत नाही. जबडे निमुळत्या कोषात असल्याने ओढ वाढेल तशी त्यांची पकडही वाढते. कांडी निसटायला लागली तर जबड्यांच्या दात्यांत धातूचा कीस भरला आहे असं समजावं. ते ब्रशने साफ केले की गन पुन्हा तरुण होते. ही साफसफाई करणारी कार्यशाळा मी लगेच ओळखतो, तिथल्या अक्षरांचे रिव्हेट एका ओळीत आणि एकाच दाबाने बसलेले असतात.

आता ही गन घेऊन 'म'च्या पोटाकडे जाऊ. आतल्या भिंतीची पट्टी वळवण्यापूर्वी तिची खालची कड काटकोनात दुमडतात, म्हणजे पाठीवर टेकायला तिला ओठ मिळतो. हा ओठ नेहमी अक्षराच्या देहाकडे वळलेला हवा, पोकळीकडे नको. सरळ दंडावर ओठ अखंड राहतो. वळणावर मात्र त्यात त्रिकोणी खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर पट्टी सुरकुतते. आतल्या गोलाईला या खाचा उघडतात, बाहेरच्या गोलाईला मिटतात. 'ठ'च्या बाहेरच्या भिंतीचे ओठ एकमेकांवर चढतात आणि आतल्या भिंतीचे पंख्यासारखे फाकतात. दोन्ही एकाच पाठीवर, एकाच ६० मिलिमीटरच्या पट्ट्यात, एकमेकांसमोर येतात. मग कारागीर संपूर्ण अक्षर पालथं टाकतो आणि पाठीच्या बाहेरून भोकं पाडत रिव्हेट मारतो. नळीचं टोक आत, अंधारात, ओठाला मिठी मारतं. ते त्याला दिसत नाही. सांधा बसला की नाही हे हाताला लागलेल्या झटक्यावरून आणि आवाजावरून कळतं. 'टक्' कोरडा आणि एकदम आला तर पत्रे चिकटले. आवाज उशिरा, सैल आला तर मधे फट राहिली किंवा भोक मोठं झालं. जुना कारागीर पलीकडच्या टेबलावरून नुसता ऐकतो आणि शिकाऊ पोराला म्हणतो, "तो परत मार रे." मी असं म्हणताना ऐकलं आहे आणि तो रिव्हेट खरोखरच हलत होता.

भोकाचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ३.३ मिलिमीटरचं भोक लागतं. घाईत हाताशी असलेलं साडेतीनचं किंवा चारचं बिट लावलं तर नळी फुगूनही भोकाच्या कडांना भिडत नाही आणि पावसाळ्यातल्या वाऱ्यात अक्षर खुळखुळायला लागतं. लांबीचाही हिशोब आहे. पत्र्यांच्या एकत्र जाडीत रिव्हेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट मिळवली की नळीची लांबी मिळते. एसीपीची पाठ आणि ओठ मिळून ४ मिलिमीटर धरले तर ३.२च्या रिव्हेटची लांबी ९ मिलिमीटरच्या आसपास हवी. कमी लांबीचा घेतला तर पकड कच्ची राहते. जास्त घेतला तर शेपूट आत लोंबकळतं, कधी एलईडीच्या वायरीला घासतं. रिव्हेट मारायचा क्रमही महत्त्वाचा. एका टोकापासून सरळ मारत गेलं की पट्टी कणाकणाने सरकते आणि शेवटचा ओठ भोकावरून निसटलेला असतो. शहाणा माणूस आधी चार कोपरे बांधून घेतो आणि मग मधल्या जागा भरतो.

रिव्हेटचं कौतुक करताना त्याची खोड सांगायला हवी. नळीच्या आत अडकलेलं कांडीचं डोकं पोलादाचं असतं आणि भोवती अ‍ॅल्युमिनियम. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजतं आणि दोन वेगळ्या धातूंच्या सहवासाने अ‍ॅल्युमिनियमही झिजतं. दोन पावसाळ्यांत पाठीवरून भिंतीवर तांबूस ओघळ उतरतात. कधी डोकं निसटून पडतं, नळी पोकळ होते आणि रात्री भिंतीवर प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. किनाऱ्यालगतच्या पाटीला म्हणून कांडीसकट अ‍ॅल्युमिनियमचा किंवा बंद टोकाचा रिव्हेट वापरावा. बंद टोकाच्या नळीतून पाणीही जात नाही आणि उजेडही जात नाही. तो थोडा महाग पडतो, पण गंजाचे ओघळ पुसायला दर वर्षी शिडी लावण्यापेक्षा परवडतो.

रिव्हेटला दोन प्रतिस्पर्धी आहेत आणि दोघेही त्याच्याहून वेगवान आहेत. पहिला हवेच्या दाबावरचा स्टेपलर. पिनेचे दोन पाय ओठातून आणि पाठीतून आरपार जातात आणि पलीकडे वळतात. भोक पाडायला नको, कांड्या गोळा करायला नकोत. मोठ्या कारखान्यात दिवसाला ढीगभर अक्षरं काढायची असतील तर हेच हत्यार हवं. मला त्याचं काम आवडतं, पण प्रेम बसत नाही. पीन सरळ दंडावर छान बसते, वळणावरच्या फाकलेल्या ओठांवर मात्र ती अर्धी खाचेत पडते.

दुसऱ्या हत्याराची गोष्ट वेगळी. क्लिंचिंगमध्ये खिळा नाही, पीन नाही, भोक नाही. एक ठोसा दोन्ही पत्र्यांना मिळून खालच्या साच्यात दाबतो. धातू आधी खाली जातो, मग साच्याच्या तळाशी बाजूला पसरतो, आणि वरच्या पत्र्याचा फुगवटा खालच्या पत्र्याच्या फुगवट्यात अडकून बसतो. एका बाजूला गोल खळगा, दुसऱ्या बाजूला गोल बटण, एवढीच खूण उरते. तिसरा धातूच नसल्याने गंजाचा प्रश्न जवळपास मिटतो. धातू फाटत नाही म्हणून उजेड गळत नाही, आणि रंगाचा थरही बराचसा टिकतो. स्वच्छतेच्या कसोटीवर हा सर्वांत श्रेष्ठ सांधा आहे, हे मी मोकळेपणाने म्हणेन. पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही पत्रे धातूचेच हवेत, मधे प्लास्टिक असलेली एसीपी त्याला मानवत नाही. आणि ठोसा व साचा समोरासमोर यायला हवेत, म्हणजे हत्याराचा एक जबडा अक्षराच्या आत उतरायला हवा. रोमन 'एल'च्या रुंद दंडात तो ऐटीत उतरतो. 'म'च्या गाठीत तो अडकतो. वेलांटीची कमान जिथे निमुळती होऊन शिरोरेषेवर टेकते तिथे तर तो शिरतच नाही. या तिन्हींत पलीकडच्या बाजूची गरज नसलेलं हत्यार एकच, आणि ते म्हणजे रिव्हेट गन. म्हणून देवनागरीच्या पाटीत मी तिला पहिला मान देतो.

देवनागरीची दुसरी कसोटी शिरोरेषा. रोमन अक्षरं सुटी असतात, एक-एक बनवून एक-एक टांगता येतात. 'मिठाई' तोडायची कुठे? स्वस्तातला मार्ग म्हणजे 'मि', 'ठा', 'ई' असे तीन डबे करून भिंतीवर एकमेकांना टेकवायचे. दिवसा ते चालून जातं. रात्री दोन डब्यांच्या दोन भिंती आणि दोन ट्रिमकॅप मिळून शिरोरेषेत काळी चीर पडते, आणि शब्द तुटलेला दिसतो. चोखंदळ कारागीर संपूर्ण शब्द एकाच डब्यात घेतो. अ‍ॅक्रिलिकची शीट ८ बाय ४ फुटांची येते, तेव्हा आठ फुटांपर्यंतच्या शब्दाचं तोंड अखंड कापता येतं. शब्द त्याहून मोठा असेल तर दंडाच्या शेजारी, जिथे डोळा आधीच थांबतो, तिथे सांधा लपवतात. दोन डबे जोडताना मधल्या भिंती काढून टाकतात आणि आतून पट्टी लावून रिव्हेट मारतात, म्हणजे प्रकाश एका डब्यातून दुसऱ्यात मोकळा वाहतो. हा सांधा जमला की शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उजळते. बाजारपेठेतून फिरताना मी सगळ्यात आधी तीच बघतो.

अखंड तोंडाची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. तापमान वाढलं की अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. दोन मीटर लांबीच्या शिरोरेषेचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर धातू दीड मिलिमीटरहून कमी वाढतो, अ‍ॅक्रिलिक चार मिलिमीटरहून जास्त. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाटीला हा फरक रोज सोसावा लागतो. तोंड पट्टीला पक्कं चिकटवलेलं असेल तर ते फुगतं किंवा तडकतं. ट्रिमकॅपचं काम इथे कळतं. ती अ‍ॅक्रिलिकला चिकटलेली असते, पण पट्टीवर नुसती चढवलेली असते, थोडी सरकायची सूट ठेवून.

अ‍ॅक्रिलिक जोडायचं हत्यार आपल्याकडे फार जुनं आणि फार साधं आहे, इंजेक्शनची सिरिंज आणि क्लोरोफॉर्म. दोन कडा एकमेकींवर टेकवून फटीच्या तोंडाशी सुई धरली की द्रव आपोआप आत ओढला जातो. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि उडून जातो. मागे उरतं ते एकजीव झालेलं अ‍ॅक्रिलिक. हात थरथरला तर थेंब दर्शनी बाजूवर पडून कायमचा डाग उमटतो, म्हणून हे काम कार्यशाळेतल्या सर्वांत शांत माणसाकडे असतं. झटपट चिकटणारा गोंद इथे चालत नाही, त्याच्या वाफेने अ‍ॅक्रिलिकवर पांढरी बुरशीसारखी झाक येते. पण क्लोरोफॉर्मची वाफ माणसाच्या यकृताला घातक असते. खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा असलाच पाहिजे. इतक्या नाजूक हाताच्या माणसाला बंद खोलीत बसवणं हा अन्याय आहे, आणि तो अनेक ठिकाणी चालतो.

तोंड आणि पट्टी यांच्यातला सांधा स्क्रूचा. रिव्हेट, क्लिंच, क्लोरोफॉर्म हे सगळे एकदाच जोडतात. स्क्रूला माहीत असतं की आपल्याला पुन्हा उघडायचं आहे. एलईडी कितीही टिकाऊ म्हटली तरी एखादं मॉड्यूल जातं, पावसाचं पाणी शिरतं, एसएमपीएसकडून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, येणारी वायर उंदीर कुरतडतो. तेव्हा ट्रिमकॅपच्या कडेतले बारीक स्क्रू काढून तोंड उचलता आलं पाहिजे. ट्रिमकॅपच्या रंगाचं डोकं असलेले, स्वतःच आटे पाडत जाणारे हे स्क्रू बाजूने बसतात, समोरून दिसत नाहीत. ते कुठे घ्यायचे यात खरी जाण दिसते. वेलांटीच्या कमानीवर वरून घेतले तर पाणी त्यांच्याच वाटेने आत येतं. जाणता माणूस ते खालून किंवा दंडाच्या बाजूने घेतो. तोंड निघू नये म्हणून सिलिकॉन भरून टाकणारा कारागीर दुकानदाराला खूश करतो, आणि तीन वर्षांनी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तोंड फोडावं लागतं.

'मिठाई'त अनुस्वार नाही म्हणून तो इथे सुटला असता, पण त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'आनंद' किंवा 'मंगल' असं नाव असेल तर शिरोरेषेच्या वर एक सुटा गोल टांगावा लागतो. वाटीएवढा डबा, आत एक-दोन मॉड्यूल, पण त्याला पाठ, भिंत, तोंड, ट्रिमकॅप, स्क्रू, वायर आणि भिंतीला धरणारा बोल्ट, असं मोठ्या अक्षराइतकंच सगळं लागतं. पट्टी इतक्या छोट्या गोलाईला वळवताना तिचा ओठ जवळपास सगळाच खाचांनी भरतो. घाईतले लोक अनुस्वार नुसत्या अ‍ॅक्रिलिकचा करून शिरोरेषेवर चिकटवतात. तो उजळत नाही आणि रात्री 'मंगल'चा 'मगल' होतो. अनुस्वार उजळवणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की एका ठिपक्याच्या जागेवर शब्दाचा सगळा तोल उभा असतो.

शेवटचा सांधा इमारतीशी. आधी कागदाचा पूर्ण मापाचा साचा भिंतीवर चिकटवून भोकांच्या जागा मारतात, मग ड्रिल, गिट्टी आणि बोल्ट. इथे फार काही लिहिण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. प्रत्येक अक्षराच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला एक बारीक भोक ठेवायचं असतं. कितीही बंदिस्त केलं तरी कोकणातला पाऊस आत येतोच, त्याला बाहेरची वाट द्यावी लागते. 'ठ'ला तळाशी एक भोक पुरतं. 'म'ला दोन लागतात, कारण त्याची गाठ डावीकडे वेगळा खळगा करते. रोमन अक्षरांच्या सवयीने काम करणारा हे दुसरं भोक विसरतो आणि आषाढात 'म'ची गाठ काळी पडते.

निऑनच्या काळात ही हत्यारं एवढी महत्त्वाची नव्हती. जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या उजळवल्या, आणि पुढची अनेक दशकं काचेची नळी वाकवणारा हाच या धंद्यातला मुख्य कलावंत राहिला. हजारो व्होल्टच्या त्या नळ्यांना खोल, जड पेट्या लागत. निळी एलईडी आली, तिच्यातून पांढरा उजेड मिळू लागला, अक्षर उथळ आणि हलकं झालं, आणि पत्रा जोडणाऱ्याकडे कलावंताची जागा आली.

आपल्याकडे या माणसाला आज भरपूर काम आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक झाली, तीही इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नसलेली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या घाईत लागलेल्या अनेक पाट्या मी बघतो आणि वाईट वाटतं. तोडलेल्या शिरोरेषा, भरून टाकलेल्या पोकळ्या, अंधारात हरवलेले अनुस्वार. रोमन अक्षराच्या दरात मराठी अक्षर मागितलं की असंच होणार, कारण त्यातल्या आतल्या भिंतींचे पैसे कुणी धरलेलेच नसतात.

तुम्ही दुकानाची पाटी करायला टाकाल तेव्हा नमुन्याच्या चित्राबरोबर कारागिराकडचं एखादं तयार अक्षर मागून घ्या आणि पालथं करून बघा. आतल्या भिंती कशाने जोडल्या आहेत, शिरोरेषा कुठे तोडणार आहात, दिवा गेला तर अक्षर कसं उघडणार, हे त्याला विचारा. ज्याला याची उत्तरं देता येतील त्याला काम द्या, आणि आतल्या भिंतींची मजुरी त्याने वेगळी लावली तर ती घासाघीस न करता द्या.